मिस्त्रींचे चौसष्ट खिळे

"खिळ्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! आणि त्या बाईंनी तर नाहीच नाही!"

असं म्हणून मिस्त्रींनी उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. टेबल त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं, म्हणून ते डगमगलं नाही. डगमगलं असतं तर त्या दिवशी त्याचीही खैर नव्हती!

खरं सांगायचं तर विज्ञानाच्या बाईंनी खिळ्याचं नावसुद्धा काढलेलं नव्हतं. मिस्त्रींची लेक नववीत होती. पेपरात 'दाब म्हणजे काय?' असा प्रश्न आला होता. तिने 'दाब म्हणजे जोर लावणे' एवढं लिहून पुढचा प्रश्न घेतला होता. बाईंनी त्याच्याशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'जोर कशावर? किती जागेवर? शून्य.' असली शून्यं त्या पेपरात बरीच होती. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, 'पास व्हायला पंधरा गुण कमी. प्रदर्शनात स्वतः प्रयोग मांडून समजावून सांगितल्यास वीसपैकी गुण देता येतील. अन्यथा पुन्हा नववी.' त्यातल्या 'स्वतः' या शब्दाखाली दोन ठळक रेघा मारलेल्या होत्या.

त्या दोन रेघांनीच मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. कारण त्या कुणासाठी आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी लेकीला कप्पी करायची होती. मिस्त्रींनी 'तू बाजूला हो' म्हणत सागवानाची अशी कप्पी केली होती, तिला असं पॉलिश मारलं होतं, की शेजारचा शिंपी ती दुकानात शोभेला ठेवायला मागत होता. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली होती आणि वहीत शेरा दिला होता, 'वडिलांचा प्रकल्प छान आहे. मुलीला शून्य.'

"शून्य!" मिस्त्री पुन्हा गरजले. "माझ्या कप्पीला शून्य!"

"कप्पीला नाही, मला," लेक म्हणाली.

"तेच ते!"

लेक बापावर गेली होती. फरक एवढाच की बाप रागावला की ओरडायचा आणि लेक रागावली की गप्प बसून वहीत काहीतरी लिहायची. ती आत्ताही वही घेऊनच बसली होती.

"बाबा, माझं ठरलंय. खिळ्यांची फळी करायची. टोकं वर आलेली. त्यावर माणूस बसतो आणि त्याला काही होत नाही."

"खिळ्यांवर बसून काही होत नाही? डोकं ठिकाणावर आहे का?"

"खिळे खूप असले की वजन सगळ्यांवर वाटलं जातं. एकेकाच्या वाट्याला थोडंसंच येतं. मला फक्त दोन बाय दोन फुटाची फळी द्या आणि नऊशे खिळे द्या. मारायचे माझे मी मारीन."

"किती?"

"नऊशे."

मिस्त्री बोलले नाहीत. स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोने गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. अठरा वर्षांच्या संसारात ही शांतता तिने चार-पाचदाच ऐकली होती. दर वेळी त्यानंतर काहीतरी फुटलं होतं.

"नऊशे!" मिस्त्री फुटले. "एका फळीला नऊशे खिळे! अगं, ती फळी राहील की पिठाची चाळण होईल? माझे उस्ताद काय सांगायचे? हात कच्चा असला की खिळे जास्त लागतात! अख्खं कपाट मी बावीस खिळ्यांत उभं करतो, बावीस! ते उचलून तिसऱ्या मजल्यावरून टाका, मजला मोडेल, कपाट मोडणार नाही! आणि माझ्या घरातून नऊशे खिळ्यांची फळी बाहेर पडणार? गिऱ्हाइकं काय म्हणतील? मिस्त्रींचा हात गेला!"

"बाबा, पण हे कपाट नाही."

"लाकूड ते लाकूड!"

"अहो," बायको म्हणाली, "ती सांगते ते जरा ऐका तरी. पास तिला व्हायचंय, तुम्हाला नाही."

बायको गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नर्स होती. दिवसभर लोकांना सुया टोचून तिचा आवाज शांत झाला होता. मिस्त्रींना नेमका त्या शांतपणाचाच राग यायचा.

"ऐकलं! आता तुम्ही दोघी माझं काम बघा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक शाळेतून आली, तेव्हा फळी तयार होती. आता मिस्त्रींच्या कामाला नावं ठेवायला जागा नसते, हे मान्यच करायला हवं. कडा गोल केलेल्या, पृष्ठभाग आरशासारखा, आणि त्यावर आठ रांगांत आठ-आठ खिळे, बुद्धिबळाच्या पटासारखे. मोजपट्टी लावा, काटकोन लावा, केसाचाही फरक सापडणार नाही. एकूण चौसष्ट!

"हे बघ," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या नऊशेचं काम चौसष्टात! आणि खिळे तरी कसे? कारखान्यातून येतात ते बोथट असतात. एकेकाला मी कानशीने घासून टोक काढलंय. दुपारचं जेवलो नाही!"

लेकीने एका टोकावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"बाबा! टोक जेवढं बारीक, तेवढा दाब जास्त!"

"टोक जेवढं बारीक, तेवढं काम साफ!"

दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होती. हीच तर पंचाईत होती.

लेकीने एक फुगा आणला. फुगवला. "खिळे पुरेसे असतील तर हा फुटणार नाही," असं म्हणून तो फळीवर ठेवला आणि वरून अलगद हात ठेवला. फट्!

"फुगा हलका आहे," मिस्त्री म्हणाले.

दुसरा फुगा. फट्!

"हल्ली फुगेच असले येतात! कशालाच क्वालिटी राहिली नाही!"

मग स्वतःचंच खरं करायला मिस्त्रींनी पलंगावरची उशी ओढली, फळीवर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हातांनी भार दिला. उशी उचलली तेव्हा अर्धा कापूस फळीवर राहिला. बायकोने ती फाटकी उशी नीट घडी घालून मिस्त्रींच्या बाजूला ठेवली आणि आपली चांगली उशी लेकीच्या खोलीत नेली. त्यावर मिस्त्री आणखी चिडले. ओरडणाऱ्या बाईला उत्तर देता येतं हो, उशी नेणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं?

"आता तरी आणखी खिळे मारू?" लेकीने विचारलं.

"खबरदार! एक जरी खिळा जास्त मारलास तर! ओळ बिघडेल!"

लेक आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून वहीची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

प्रदर्शनाच्या दिवशी मिस्त्री चादरीत गुंडाळलेली फळी काखेत मारून शाळेच्या सभागृहात शिरले. दोन्ही बाजूंना टेबलं मांडलेली होती. लेकीच्या डाव्या बाजूच्या टेबलावर मिठाच्या पाण्यात अंडं तरंगत होतं. उजवीकडे एक लांबच लांब उतार होता आणि त्यावरून गोट्या सोडायच्या होत्या. लेकीने आपल्या टेबलामागे एक तक्ता चिकटवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत बापाचं वजन लिहिलं होतं, पंचाहत्तर किलो. मिस्त्रींनी तो वाचला नाही. त्यांनी फळी एका बुटक्या, भक्कम स्टुलावर ठेवली, चादर काढली आणि मिशीवरून हात फिरवला.

विज्ञानाच्या बाई आल्या. किरकोळ अंगाच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात गुणपत्रक. त्यांनी फळीकडे पाहिलं, पॉलिशकडे पाहिलं आणि मग मिस्त्रींकडे पाहिलं.

"हे हिने केलं?"

"काम बघा बाई, काम! एक खिळा रेषेबाहेर दाखवा, हातोडी खाली ठेवीन!"

"रेषेचं नाही विचारलं मी. खिळे कमी आहेत."

"कमी?" मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाई, तुम्ही आयुष्यात कधी खिळा मारलाय?"

"तुम्ही आयुष्यात कधी विज्ञानाचं पुस्तक उघडलंय?"

"मला गरज पडली नाही!"

"ती आता पडेल!"

बाई काही शांत स्वभावाच्या नव्हत्या, हे मिस्त्रींना त्या क्षणी कळलं. समोरासमोर दोन स्टोव्ह भडकल्यासारखे दोघं उभे होते. तेवढ्यात मागून मोठा, प्रसन्न आवाज आला, "अरे वा! हे काय? खिळ्यांचं आसन?"

शाळेच्या तपासणीला आलेले साहेब होते. साहेब म्हणजे माणूस नव्हे, दोन माणसं. त्यांच्या आधी त्यांचं पोट प्रदर्शन बघून पुढे जात होतं. "मी वाचलंय याबद्दल! माणूस बसतो आणि काही होत नाही! बरोबर ना?"

"अगदी बरोबर, साहेब!" मिस्त्री म्हणाले. "बसा! बिनधास्त बसा!"

साहेबांनी कोटाची बटणं सोडली, पाठ वळवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली वाकायला सुरुवात केली.

"नका बसू!" लेक ओरडली.

अख्खं सभागृह वळलं. साहेब अर्धे वाकलेले तसेच थांबले.

"नका बसू, सर. चौसष्टच खिळे आहेत. तुम्हाला लागेल."

मिस्त्रींना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या मुलीचं ऐकतोय. मग नीट पाहिलं. आपलीच होती! आपल्या हाडामांसाची! आपल्या कामाला चारचौघांत, त्या बाईसमोर, नाव ठेवत होती!

"लागेल?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या फळीवर लागेल? साहेब, बाजूला व्हा! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीच बसून दाखवतो!"

"बाबा, निदान हळू तरी बसा! आपटू नका!"

पण रागावलेला माणूस कधी हळू बसतो का हो? मिस्त्री ताडकन वळले आणि पंचाहत्तर किलो वजनासह धाडकन बसले.

पुढचा आवाज सांगता येणार नाही. बाहेर फाटकापाशी उभा असलेला पहारेकरी धावत आत आला, म्हणजे तुम्ही समजून घ्या.

मिस्त्री बसले त्याच्या दुप्पट वेगाने उठले. पण एकटे नाही उठले. कामावर घालायची त्यांची पँट जाड कापडाची होती, म्हणून बरंच वाचलं. पण त्याच कापडात टोकं अशी अडकली होती की फळीही त्यांच्याबरोबर उठली. कानशीने घासलेली टोकं होती ती, जिथे घुसली तिथे राहिली! कामाची तारीफ करावी तेवढी थोडी!

"काढा! काढा हे!" असं ओरडत मिस्त्री डावीकडे वळले. मागची फळी उजवीकडे फिरली आणि तिने गोट्यांच्या उताराला धडक दिली. पंचवीस-तीस गोट्या खडखडत जमिनीवर आल्या. "काय पडलं?" म्हणून मिस्त्री उजवीकडे वळले. फळी डावीकडे फिरली. अंड्याची बरणी मिठाच्या पाण्यासकट साहेबांच्या पोटावर गेली.

"माफ करा, साहेब!" मिस्त्री पुन्हा वळायला लागले.

"वळू नका!" बाई किंचाळल्या. "आहात तिथेच उभे राहा! कुणाचीही माफी मागू नका!"

एवढ्यात मिस्त्रींचा पाय एका गोटीवर पडला. पाय पुढे गेला, मिस्त्री मागे गेले आणि खाली पडता पडता... नाही, घाबरू नका. लेकीने मागून दोन्ही हातांनी फळी धरली, एक पाय स्टुलाला टेकवला आणि ओढली. टर्रर्र! फळी लेकीच्या हातात आली, पँटचा काही भाग फळीवर राहिला आणि मिस्त्री समोरच्या टेबलाला मिठी मारून उभे राहिले. पहारेकऱ्याने चादर आणून त्यांच्या कमरेला गुंडाळली. तीच, फळीवरची.

सभागृहात कुणी हसलं नाही, असं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल का?

साहेब कोटावरचं अंडं पुसत होते. बाई रागाने थरथरत होत्या. त्या लेकीकडे वळल्या. "आता सांग! दाब म्हणजे काय? सांग!"

मिस्त्रींनी कमरेची चादर घट्ट आवळली. इथे आता शून्य मिळालं, तर पोरगी पुन्हा नववीत. आणि कुणामुळे? मागच्या वर्षी कप्पी, या वर्षी हे!

लेक तक्त्यापाशी गेली. आवाज कापत होता, पण तो बापासारखा रागाने कापत होता.

"एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने लावलेल्या बलाला दाब म्हणतात. बाबांचं वजन सुमारे साडेसातशे न्यूटन. बसल्यावर चौसष्टपैकी वीसएक खिळेच अंगाखाली येतात. म्हणजे एकेका टोकावर जवळपास चार किलोचा भार. त्यात टोकं घासून बारीक केलेली. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब आणखी जास्त. त्यात ते आपटून बसले. नऊशे खिळे असते तर तीनशे अंगाखाली आले असते, आणि एकेकावर पाव किलो. काही झालं नसतं. मी सांगितलं होतं. फुग्यानेसुद्धा सांगितलं होतं!"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "पाठ केलंस?"

"नाही बाई. समोर घडलं."

बाईंनी गुणपत्रकावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "स्पष्टीकरणाला दहापैकी दहा. प्रयोगाला शून्य, कारण प्रयोग वडिलांचा आहे."

"बाई, दहाने भागत नाही, तिला पंधरा हवेत!" चादरीतून मिस्त्री कळवळले. त्यांच्या तोंडून ओरडण्याऐवजी विनंती निघाली, तिचं त्यांनाच नवल वाटलं.

"मला माहीत आहे. आठ दिवस देते. हिने नऊशे खिळ्यांची फळी स्वतःच्या हाताने करून आणावी. आणि मिस्त्री, तुमचं बोटसुद्धा त्या फळीला लागता कामा नये!"

दवाखान्यात मिस्त्री पालथे पडले होते. बायकोने शांतपणे मोजलं. "सतरा. वीसपैकी सतरा लागलेत. तिचा हिशेब चांगला आहे हो."

"तू आता गप्प बस!"

"धनुर्वाताचं इंजेक्शन दंडात देते. इथे जागा नाही." तिने सुई वर धरली. "एकच आहे, पण टोक बारीक आहे बरं का. दाब जास्त."

पुढचे सात दिवस मिस्त्रींच्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस होते. बसता येत नव्हतं. म्हणून ते उभे होते, आणि समोर त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच हातोडीने लेक खिळे मारत होती. एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे. रांग सुरू व्हायची भिंतीकडून आणि संपायची दरवाज्याकडे.

"अगं, हातोडी दांड्याच्या टोकाला धर! हे काय, चमचा आहे का?"

"बाबा, बोट मागे."

"मी नुसतं दाखवतोय!"

"दाखवू पण नका."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक कपाटाची चौकशी करायला आलं आणि फळीकडे बघत राहिलं. "मिस्त्री, एका फळीला एवढे खिळे?" मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उस्तादांनी स्वर्गात तोंड फिरवलं असेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लेकीच्या अंगठ्यावर दोनदा हातोडी बसली. तेव्हा ते पुढे झाले, हात लांब केला आणि तसाच मागे घेतला. रात्री त्यांनी बायकोला विचारलं, "अंगठ्याला मलम लावलंस का तिच्या?" हे त्यांनी रागावूनच विचारलं, पण विचारलं.

आठव्या दिवशी फळी बाईंच्या टेबलाशेजारी ठेवली गेली. नऊशे खिळे, म्हणजे एखाद्या साळिंदराने झोपेतून उठून केस न विंचरता शाळेत यावं तसे. फक्त एक गोष्ट बरोबर होती. सगळे एकाच मापाचे होते, खालून एकसारखे ठोकलेले होते, त्यामुळे टोकांची उंची सारखी होती.

"बसणार कोण?" बाईंनी विचारलं.

लेकीने बापाकडे पाहिलं. मिस्त्रींच्या सतराही जागा एकदम जाग्या झाल्या.

"बाबा, हळू. आपटायचं नाही."

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून हळू बसले. आधी एक बाजू टेकवली. मग दुसरी. मग डोळे घट्ट मिटून सगळा भार दिला.

"दुखतंय?" लेकीने घाबरत विचारलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. डावीकडे सरकून पाहिलं. उजवीकडे सरकून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लालबुंद झाला.

"एक खिळा सरळ नाही!" ते कडाडले. "एक रांग रांगेत नाही! कडेला पॉलिश नाही! आणि तरी टोचत कसं नाही हे?"

बाई हसल्या. त्यांनी वही ओढली, दहाच्या पुढे आणखी दहा लिहिले आणि खाली शेरा दिला, 'मुलीचा प्रकल्प छान आहे. वडिलांना शून्य.'

त्या पानाला मिस्त्रींनी घरी येऊन सागवानाची चौकट केली. तिला असं पॉलिश मारलं की विचारू नका! मग ती भिंतीशी धरली, एक खिळा तोंडात, हातोडी हातात.

"बाबा, चौकट जड आहे," मागून लेक म्हणाली. "दोन मारा."

मिस्त्री गर्रकन वळले. "खिळ्याच्या बाबतीत मला कुणी..."

एवढं बोलून ते थांबले. लेकीच्या काळ्यानिळ्या अंगठ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, आणि डब्यातून मुकाट्याने दुसरा खिळा काढला.